मोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही तुमच्या पेट्रोल-डिझेल गाडीचे काम करील का, हे स्वतः पडताळण्याची रीत

तीन रांगांची, सात माणसांना सामानासकट नेणारी मोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही पेट्रोल किंवा डिझेल गाडीच्या तोडीची झाली आहे का, या प्रश्नाचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. मात्र तुमच्या वापरापुरते उत्तर काढता येते आणि त्यासाठी कागद, पेन्सिल आणि शाळेतली आकडेमोड पुरते. पुढे दिलेली रीत त्यासाठीच आहे. माझे मत आरंभीच सांगतो: रोजच्या वापरात, माणसे नेण्यात आणि चालवण्याच्या सुखात या गाड्यांनी बरोबरी केव्हाच साधली आहे, जड ट्रेलर ओढत लांब जाण्यात आणि चार्जर नसलेल्या मुलखात ती अजून साधलेली नाही. तुमचा वापर या दोन टोकांच्या मध्ये नेमका कुठे बसतो, एवढेच ठरवायचे आहे.

आधी वर्षातला सर्वांत कठीण प्रवास लिहून काढा

बहुतेक जण विक्रेत्याला पहिला प्रश्न रेंजचा विचारतात आणि तेथेच फसतात. सुरुवात गाडीपासून न करता आपल्या प्रवासापासून करावी. गेल्या वर्षभरात आपल्या सध्याच्या गाडीकडून जे सर्वांत कठीण काम करून घेतले ते आठवून लिहा: एकूण अंतर किती होते, सलग किती तास चालवले, महामार्गावरचा वेग किती होता, माणसे आणि सामान किती होते, मागे ट्रेलर होता का, टपावर पेटी होती का, हवा किती थंड होती, रस्त्यात चढ किती होता आणि मुक्कामाच्या ठिकाणी रात्रभर गाडी चार्जिंगला लावता आली असती का. त्यासमोर हा प्रवास वर्षातून किती वेळा होतो तेही लिहा. हा शेवटचा आकडा शेवटी निर्णायक ठरतो, म्हणून तो आठवणीवर न सोडता जुन्या पावत्या आणि छायाचित्रे पाहून भरावा. वर्षातून एकदाच केलेला मोठा प्रवास मनात फार जागा व्यापतो आणि माणूस त्याची संख्या सहज दुप्पट सांगतो.

कंपनीच्या आकड्यावरून खरा पल्ला काढणे

किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातले युनिट. बॅटरीत किती युनिट मावतात आणि १०० किलोमीटरला किती युनिट लागतात, हे दोन आकडे हाती असले की बाकीचे सर्व हिशेब होतात. जाहिरातीत दिलेला पल्ला कोणत्या चाचणीतला आहे हे मात्र आधी पाहावे. चीनमधील सीएलटीसी चाचणी सर्वांत उदार आहे, युरोपातील डब्ल्यूएलटीपी तिच्यापेक्षा कडक, आणि अमेरिकेतील ईपीए या संस्थेचा आकडा बहुधा वास्तवाच्या सर्वांत जवळ जातो. वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे एकमेकांशेजारी मांडून दोन गाड्यांची तुलना करणे निरर्थक आहे.

उदाहरणासाठी किया ईव्ही९ घेऊ. तिच्या मोठ्या बॅटरीत ९९.८ युनिट मावतात आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या आवृत्तीला ईपीएने सुमारे ४८९ किलोमीटर पल्ला दिला आहे. आता भरलेली गाडी महामार्गावर ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने चालवली, तर या आकाराच्या गाडीला १०० किलोमीटरला २५ ते ३० युनिट लागू शकतात. आपण २८ धरू. घरून शंभर टक्के चार्ज करून निघालो आणि दहा टक्के शिल्लक ठेवून थांबलो, तर पहिला टप्पा सुमारे ३२० किलोमीटरचा होतो. वाटेत मात्र कोणी शंभर टक्क्यांपर्यंत चार्ज करत बसत नाही, कारण ऐंशी टक्क्यांनंतर वेग फार मंदावतो. म्हणून दुसरा आणि त्यापुढचा प्रत्येक टप्पा दहा ते ऐंशी टक्के, म्हणजे सुमारे ७० युनिटांचा, म्हणजेच २५० किलोमीटरचा. एका थांब्यात ५७० किलोमीटर, दोन थांब्यांत ८२०. हा हिशेब तुमच्या प्रवासाला लावून पाहा. जाहिरातीतला ४८९ हा आकडा यात कुठेच येत नाही, हे लक्षात आले म्हणजे अर्धे काम झाले.

समोरच्या बाजूला टोयोटाची लँड क्रूझर ३०० ठेवा. काही देशांत तिला दोन टाक्या मिळून ११० लिटर डिझेल मावते, आणि १०० किलोमीटरला ११ लिटर लागले तरी ती न थांबता १,००० किलोमीटर जाते. एवढा पल्ला सलग चालवणारा माणूस विरळाच आणि त्याने तसे चालवूही नये. पण टाकी भरण्याची जागा दुर्मीळ असेल तेथे तो पल्ला खरोखर कामाला येतो.

मोठ्या गाडीलाच ही अडचण का येते

लहान इलेक्ट्रिक गाड्यांनी जे सहज साधले ते मोठ्या एसयूव्हीला जड का जाते, हे समजून घेतल्यास गाडी निवडताना चूक होत नाही. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. शेव्हरोले टाहो या मोठ्या पेट्रोल एसयूव्हीच्या ९१ लिटरच्या टाकीत त्या हिशेबाने ८०० युनिटांहून अधिक ऊर्जा मावते. इंजिन त्यातला बराच मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया घालवते आणि साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो, असे धरले तरी २०० युनिट उरतात. इलेक्ट्रिक गाडी बॅटरीतल्या ऊर्जेचा बहुतांश भाग चाकांपर्यंत नेते. तरीही शंभर युनिटांची बॅटरी त्या टाकीच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही.

यावर एक उपाय म्हणजे बॅटरीच अवाढव्य करणे. कॅडिलॅक एस्कलेड आयक्यूने तो निवडला आहे. तिच्यात सुमारे २०५ युनिट मावतात आणि कंपनीच्या अंदाजानुसार पल्ला ७४० किलोमीटर आहे. परंतु तिचे वजन चार टनांच्या पुढे गेले. पेट्रोलवरची एस्कलेड पावणेतीन टनांच्या आसपास आहे. दुसरा उपाय हवेचा विरोध कमी करण्याचा. ल्युसिड ग्रॅव्हिटी ही तीन रांगांची गाडी १२३ युनिटांत ईपीएच्या मोजमापाने सुमारे ७०० किलोमीटर जाते. म्हणजे दोघींचा पल्ला जवळपास सारखा, पण एकीला १०० किलोमीटरला सुमारे २८ युनिट लागतात आणि दुसरीला साडेसतरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे महामार्गावर उंच, चौकोनी तोंडाची गाडी बॅटरी झपाट्याने खाते. मर्सिडीजच्या जी ५८० या इलेक्ट्रिक गाडीने आपला जुना पेटीसारखा आकार सोडला नाही. तिला ११६ युनिटांत डब्ल्यूएलटीपी या ईपीएपेक्षा उदार चाचणीतही जास्तीत जास्त ४७३ किलोमीटर मिळतात.

तेव्हा दोन इलेक्ट्रिक गाड्यांत निवड करताना बॅटरीचा आकार पाहण्याआधी १०० किलोमीटरचा खप पाहावा. कमी खपाची गाडी लवकर भरते, घरच्या चार्जरवर रात्रीत पूर्ण होते, टायर कमी झिजवते. मोठी बॅटरी हा सगळा लाभ विकून पल्ला विकत घेते.

चार्जिंगचा हिशेब दोन ठिकाणी करावा लागतो

पहिले ठिकाण घर. सात किलोवॅटचा चार्जर दहा तासांत ७० युनिट भरतो, म्हणजे ईव्ही९सारख्या गाडीला रात्र पुरते आणि रोज सकाळी गाडी तयार मिळते. ही सोय कोणत्याही पेट्रोल गाडीला नाही. त्याच चार्जरवर एस्कलेड आयक्यूची बॅटरी शून्यापासून भरायला मात्र २८ तासांहून अधिक लागतील. म्हणून मोठ्या बॅटरीची गाडी घेणार असाल, तर घराचा मंजूर भार किती आहे आणि तो वाढवता येईल का, हे गाडी नोंदवण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. स्वतःच्या जागेत चार्जिंगची सोय नसेल तर मी या आकाराची इलेक्ट्रिक गाडी घ्या असे म्हणणार नाही. लहान गाडी सार्वजनिक चार्जरवर निभावून नेता येते. शंभर युनिटांची बॅटरी दर आठवड्याला बाहेर भरत राहणे हा मात्र वेळेचा आणि पैशाचा जाच होतो.

दुसरे ठिकाण रस्ता. येथे जाहिरातीत ‘कमाल ३५० किलोवॅट’ असे लिहिलेले असते. तो वेग बहुधा काही मिनिटेच टिकतो. विक्रेत्याला कमाल वेग न विचारता दहा ते ऐंशी टक्क्यांना किती मिनिटे लागतात एवढेच विचारा. ईव्ही९ आणि ह्युंदाई आयोनिक ९ या दोन्ही गाड्यांची यंत्रणा ८०० व्होल्टची असून ३५० किलोवॅटच्या चार्जरवर त्यांना सुमारे २४ मिनिटे लागतात. त्याउलट चार्जर ५० किलोवॅटचा असेल, तर तेच ७० युनिट भरायला जवळजवळ दीड तास लागतो, मग गाडी कितीही आधुनिक असो. तेव्हा आपल्या कठीण प्रवासाच्या मार्गावरचे चार्जर नकाशावर एक-एक करून तपासावेत: क्षमता किती, एका जागी किती जोडण्या आहेत, आणि तो बंद निघाला तर पुढचा किती अंतरावर आहे. ज्या टप्प्यात असा पर्यायी चार्जर नाही, तो टप्पा धोक्याचा समजावा.

पेट्रोलची बरोबरी मात्र येथे होत नाही आणि ते मोकळेपणी मान्य करावे. अमेरिकेत पंपाच्या नळीला मिनिटाला ३८ लिटरची मर्यादा आहे. त्या वेगानेही टाहोची टाकी अडीच मिनिटांत भरते. मुलांचे खाणेपिणे आणि पाय मोकळे करणे यांत २४ मिनिटे सहज जातात, पण ती तुम्ही निवडलेल्या जागी जात नाहीत, चार्जर असेल तेथे जातात. एक सवय नक्की लावून घ्यावी: चार्जरचे ठिकाण गाडीच्याच नकाशात गंतव्य म्हणून भरावे, म्हणजे पोहोचण्याआधी गाडी बॅटरीचे तापमान योग्य पातळीवर आणते. थंडीत ही एक गोष्ट विसरल्यास थांबा बराच लांबू शकतो.

ट्रेलर ओढायचा असेल तर

कागदावरचे आकडे पाहिले तर येथे फरक फारसा दिसत नाही. इलेक्ट्रिक रिव्हियन आर१एस सुमारे ३,४९० किलो ओढू शकते, एस्कलेड आयक्यू सुमारे ३,६३० किलो, पेट्रोलवरची टाहो तिच्या सर्वोत्तम आवृत्तीत सुमारे ३,८१०, आणि लँड क्रूझर ३०० साडेतीन टन. ईव्ही९ अमेरिकेत सुमारे २,२७० किलोंवर थांबते. प्रत्यक्ष ओढण्यात तर इलेक्ट्रिक मोटर सरसच ठरते, कारण तिचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, पहिल्या क्षणापासून मिळतो आणि चढावर गिअर बदलण्याची धडपड नसते.

अडचण अंतराची आहे. उंच, चौकोनी कॅराव्हॅन, म्हणजे ओढून नेण्याचे चाकांवरचे घर, मागे जोडली की पल्ला साधारण निम्म्यावर येतो. वरच्याच उदाहरणात २८ च्या जागी ५५ युनिट धरा. दोन चार्जरमधला टप्पा २५० वरून १३० किलोमीटरच्या खाली येतो, म्हणजे दर दीड तासाला अर्ध्या तासाचा थांबा. ट्रेलर ओढताना पेट्रोल गाडीचाही खप चांगलाच वाढतो. मात्र पेट्रोल इंजिन हलक्या भारावर फार उधळे असते आणि भार वाढला की त्याची कार्यक्षमता थोडी सुधारते, त्यामुळे वाढीव कष्टाचा काही हिस्सा तेथेच जिरतो. इलेक्ट्रिक मोटरजवळ उधळायला मुळात काहीच नसल्याने प्रत्येक वाढीव कष्ट थेट बॅटरीतून वसूल होतो. शिवाय पेट्रोल गाडीची टाकी मोठी असते आणि ती अडीच मिनिटांत पुन्हा भरते.

सपाट महामार्गावर ट्रेलरच्या वजनापेक्षा त्याची उंची आणि रुंदी अधिक महाग पडते. गाडीच्या आडोशात मावणारी बुटकी होडी आणि गाडीपेक्षा हातभर उंच कॅराव्हॅन यांचे वजन सारखे असले तरी खपात मोठा फरक असतो. म्हणून हिशेब करताना आपला ट्रेलर कोणत्या प्रकारचा आहे ते पाहून पल्ल्यातली घट धरा. बरेचसे चार्जर गाडी तोंडाकडून आत घालून उभी करण्याच्या बेताने बांधलेले आहेत. तेथे ट्रेलर सोडून, गाडी चार्ज करून, पुन्हा जोडावा लागतो. दिवसातून तीनदा हे करण्याची तयारी आहे का, हे ज्याला ते करावे लागणार आहे त्याला विचारा.

घाटाचा हिशेब वेगळा. तीन टनांची भरलेली गाडी १,००० मीटर वर चढवायला, इतर सर्व खप सोडून, सुमारे ८ युनिट लागतात. त्यातला बराच भाग उतरताना मोटर जनित्रासारखी चालून परत मिळवते आणि ब्रेकही थंड राहतात, हा जड ट्रेलरसह उतरताना मोठाच लाभ आहे. पण बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर परत येणारी ऊर्जा साठवायला जागा उरत नाही. तेव्हा मुक्काम डोंगरमाथ्यावर असेल, तर सकाळी उतरण्याआधी गाडी शंभर टक्के भरून ठेवू नका.

ओढण्याची क्षमता गृहीत धरू नये याचे जी ५८० हे ठळक उदाहरण आहे. पेट्रोल-डिझेलवरची जी-क्लास साडेतीन टन ओढते. तिची ही इलेक्ट्रिक बहीण बाजारात आली ती ट्रेलर ओढण्याच्या मान्यतेशिवाय. गंमत अशी की पाण्यातून जाण्यात तीच पुढे आहे: ती ८५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाते, म्हणजे इंजिनवाल्या गाडीपेक्षा १५० मिलिमीटर अधिक. प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर असल्याने खडकाळ उतारावर तिचे नियंत्रणही अधिक बारीक असते. आडरानात उणीव असते ती एकच: इंधन कॅनमध्ये भरून नेता येते, वीज नेता येत नाही.

बसणे, सामान आणि भार

या बाबतीत शोरूममध्येच निर्णय होऊ शकतो. तिसऱ्या रांगेत पूर्ण वाढलेल्या माणसाला बसवून पाहा. गाडीच्या तळाशी बॅटरी असल्यामुळे काही गाड्यांत पायाखालची जागा उंचावते आणि गुडघे वर येतात. काहींत मधला उंचवटा नसल्याने उलट अधिक मोकळे वाटते. तिसरी रांग उघडी ठेवून मागे किती पेट्या मावतात ते पाहा आणि बॉनेटखालची डिकी मोजा, कारण ती गाडीगाडीत फार बदलते. एस्कलेड आयक्यूमध्ये ती सुमारे ३४५ लिटरची आहे, इतर काहींत चार्जिंगची केबल ठेवली की संपली. त्यानंतर गाडीच्या पाटीवरचा अनुज्ञेय भार वाचा. बॅटरीच्या वजनामुळे सात माणसे, सामान आणि टपावरची पेटी एवढ्यात तो संपू शकतो. टायर बदलताना मूळ टायरइतकाच भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा, त्यावर छापलेला आकडा) असलेले टायर घ्यावेत. आकार जुळला एवढ्यावर भागत नाही.

प्रवेगाच्या आकड्यांकडे दुर्लक्ष केले तरी चालेल. चार मोटरची आर१एस १,००० हॉर्सपॉवरच्या पुढे जाते, पण मागच्या रांगेत मुले बसली असताना ती शक्ती वापरली, तर त्याचे परिणाम सीटच्या कापडावर दिसतील.

थंडी आणि उन्हाळा

अमेरिकेतील एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्यांची चाचणी घेतली. उणे ७ अंश सेल्सिअसच्या आसपास हीटर चालू असताना पल्ला सरासरी ४१ टक्क्यांनी घटला, तर ३५ अंशांत एसी चालू असताना १७ टक्क्यांनी. आज अनेक गाड्यांत हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारे यंत्र, असतो आणि त्यामुळे थंडीतली घट कमी होते. तरीही कठीण प्रवास हिवाळ्यातला असेल, तर आपल्या हिशेबातून तिसरा हिस्सा वजा करावा आणि गाडी चार्जरला जोडलेली असतानाच आतली हवा गरम करून निघावे.

निकाल कसा लावायचा

आता पहिला कागद पुन्हा घ्या. कठीण प्रवास इलेक्ट्रिक गाडीने होत असेल, तर प्रश्न मिटला. होत नसेल पण तो वर्षातून एक-दोनदाच येत असेल, तर त्या दिवसांपुरती डिझेल गाडी भाड्याने घेणे हे त्याच प्रवासासाठी चार टनांची गाडी वर्षभर बाळगण्यापेक्षा शहाणपणाचे आहे. महिन्यातून दोनदा कॅराव्हॅन ओढत ४०० किलोमीटर जाणाऱ्याने मात्र आज इलेक्ट्रिक गाडीच्या मागे लागू नये. त्याची गरज पेट्रोल-डिझेलची गाडी भागवते, आणि ते सांगताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. या दोहोंच्या मध्ये असणाऱ्यांसाठी तिसरा मार्गही आहे. चीनमध्ये २०२२ साली आलेली ली ऑटो एल९ चाके नेहमी मोटरनेच चालवते, पण तिच्यात बॅटरीबरोबर (आरंभीच्या आवृत्तीत ती ४४.५ युनिटांची होती) वीज निर्माण करणारे दीड लिटरचे पेट्रोल इंजिनही आहे. शहरात विजेवर आणि लांबच्या वाटेवर पेट्रोलवर, असा तिचा हिशेब. अशा गाडीला दोन्ही यंत्रणांची देखभाल लागते, हे विसरू नये.

कागदावर उत्तर अनुकूल आले तरी पैसे भरण्याआधी तीच गाडी दोन दिवस भाड्याने घ्या. स्वतःची माणसे आणि सामान भरून कठीण प्रवासातला सर्वांत लांब टप्पा नेहमीच्या वेगाने जाऊन-येऊन करा. दोन्ही दिशांचा खप वेगळा नोंदवा, कारण वारा आणि चढ एका दिशेने फसवतात. चार्जरवर रांगेतला वेळही धरून घड्याळ लावा. जाण्या-येण्याचा सरासरी खप तुमच्या कागदावरच्या आकड्याहून दहा टक्क्यांपेक्षा अधिक निघाला, तर सगळे टप्पे नव्या आकड्याने पुन्हा मांडा आणि मगच विक्रेत्याला फोन करा.